‘का जाता?’ आणि ‘का परतलात?’ : परदेशी गेलेल्या अभ्यासकांच्या आत्मलेखनाचे शहापूर–मुरबाडमधून वाचन

शास्त्रज्ञ आणि संशोधक परदेशी का जातात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अग्रलेखाचा किंवा वक्तृत्वस्पर्धेचा विषय म्हणून येतो. त्याची उत्तरेही ठरून गेलेली आहेत. पगार, प्रयोगशाळा, प्रतिष्ठा ही तीन कारणे सांगून झाली, की शेवटी मातृभूमीच्या ऋणाची आठवण करून दिली जाते. ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्दही आपण असा वापरतो, की जणू तो भारतासाठीच घडविला गेला असावा. वस्तुतः १९६३ च्या सुमारास तो ब्रिटनमध्ये रूढ झाला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेकडे निघाले होते, ही त्याची पार्श्वभूमी होती. साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रश्न जे स्वतः गेले आणि ज्यांनी त्याविषयी लिहिले-बोलले, त्यांच्या शब्दांकडे न्यावयास हवा, असे वाटते. प्रस्तुत लेखात आनंदीबाई जोशी यांचे १८८३ चे भाषण, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही आठवणींची पुस्तिका, डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) आणि डॉ. जयंत नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ (२०१२) यांचा या एका प्रश्नापुरता विचार केला आहे. चारही लेखनांची भाषा, हेतू व आकार भिन्न आहेत. त्यांना एका मापाने मोजण्याचा येथे उद्देश नाही. हे वाचन शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या परिसरातून केलेले आहे आणि त्या जागेचा वाचनावर परिणाम झाला आहे, हे आरंभीच नोंदविणे बरे.

सहा प्रश्न

आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. शहापूरकरांना लोकलने आणि मुरबाडकरांना एस.टी.ने जे पहिले मोठे शहर लागते ते हेच. १८८३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेस जाण्यापूर्वी, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केले. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात तेच त्यांनी क्रमाने घेतले : अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय, संकट आले तर काय कराल, आणि कोणत्याही स्त्रीने आजवर केले नाही ते तुम्ही का करावे. परदेशगमनावरील आपल्याकडच्या लेखनात इतकी नेटकी प्रश्नपत्रिका पुन्हा क्वचितच आढळेल.

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सोय अजिबात नाही, असे आनंदीबाई म्हणत नाहीत. मद्रासला कॉलेज आहे, निरनिराळ्या इलाख्यांत सुईणकामाचे वर्ग आहेत, हे त्या मान्य करतात. त्यांचा आक्षेप शिक्षणाच्या अपुरेपणावर आणि शिकविणाऱ्यांच्या वृत्तीवर आहे. शिक्षक जुन्या वळणाचे आणि काहीसे मत्सरी आहेत, असे त्या सांगतात. रस्त्याने जाताना होणारा उपहास हाही त्यांच्या कारणांचाच एक भाग आहे. म्हणजे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच ‘साधने नाहीत’ आणि ‘वातावरण नाही’ यांतला भेद एका सतरा वर्षांच्या मुलीने सभेपुढे स्पष्ट केला होता. आजच्या चर्चेत साधनांविषयी पुष्कळ बोलले जाते; वातावरणाचा प्रश्न मात्र खासगी गप्पांत राहतो.

१८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. विषय घरचा, पण तो लिहावयास जागा मिळाली फिलाडेल्फियात. त्याच वर्षाअखेर त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असूनही प्रत्यक्ष काम करण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने ही कथा मराठी घराघरांत पोहोचविली, पण कादंबरीचे लक्ष शीर्षकातच सांगितल्याप्रमाणे पती-पत्नींच्या नात्यावर आहे. त्या नात्याच्या नाट्यात भाषणातील वाद घालणारी, मुद्दे मांडणारी आनंदीबाई वाचकाच्या स्मरणातून मागे पडते. ही कादंबरीची उणीव म्हणता येणार नाही. आपल्या वाचनाची मात्र म्हणावी लागेल.

घरातील फळा

नारळीकरांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर ते पुन्हा वाचले जाऊ लागले. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. जन्मगाव कोल्हापूर या गणनेत नाही, ही गोष्ट सूचक आहे. लेखक ज्याला ‘विश्व’ म्हणतो ते जन्माने मिळालेले नसून संस्थांनी घडविलेले आहे. बनारस हिंदू विद्यापीठाचा परिसर, केंब्रिजची महाविद्यालये, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ ही त्या नगरांची खरी नावे होत. नगर हे येथे बहुधा कुंपणाबाहेर राहते.

या आत्मचरित्राचा उत्तम भाग माझ्या मते बालपणाचा आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे रँग्लर; पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ साली केंब्रिजहून थेट बनारसला गणित विभागाचे प्रमुख म्हणून आलेले. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळा, आणि शिक्षणासाठी राहावयास आलेले मोरूमामा त्यावर भाच्यासाठी गणिती कोडे लिहून ठेवीत. उत्तर सापडेपर्यंत कोडे पुसले जात नसे. मराठी वाचकांना ही आठवण परिचित आहे आणि तिचा उल्लेख बहुधा पालकांना उपदेश करण्यासाठी होतो. तिचा अर्थ मात्र अधिक गंभीर आहे. १९५७ साली जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला निघालेला विद्यार्थी एका अनोळखी जगात पाऊल टाकीत नव्हता. ज्या वाटेने वडील गेले आणि परतले, त्याच वाटेवर तो निघाला होता. जाणे आणि परतणे या दोन्ही क्रिया त्याला वारशाने मिळाल्या होत्या. म्हणूनच या पुस्तकाच्या निवेदनात शांतपणा आहे. तो लेखकाच्या स्वभावाचा गुण खराच, पण त्या शांतपणाला घरातील फळ्याचाही आधार आहे.

परत येण्याचा प्रसंग मराठी वाचक देशभक्तीची कथा म्हणून वाचतो. लेखक त्याचे फारसे नाट्य करीत नाही, आणि हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. वस्तुस्थिती अशी : १९६३ साली पीएच.डी., १९६४ मध्ये फ्रेड हॉएल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे जगभर प्रसिद्धी, १९६५ मध्ये पद्मभूषण, हॉएल यांनी स्थापन केलेल्या केंब्रिजच्या सैद्धान्तिक खगोलशास्त्र संस्थेत काम, आणि १९७२ मध्ये टाटा संस्थेत प्राध्यापक म्हणून आगमन. ज्या वर्षी शिष्य भारतात आला त्याच वर्षी गुरूने विद्यापीठातील मतभेदांमुळे केंब्रिजच्या पदाचा राजीनामा दिला. शिष्य केवळ त्यामुळे परतला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिकडील एक घर विस्कटत असताना इकडे एक दार उघडे होते, हेही दृष्टीआड करता येत नाही. इकडे दार नसते तर? केंब्रिजबाहेरही जगात विद्यापीठे होती. परतीच्या श्रेयात व्यक्तीच्या निष्ठेबरोबर कुलाब्याच्या त्या संस्थेचाही वाटा आहे. आपण गौरव करतो तो निष्ठेचा; संस्थेला क्वचितच धन्यवाद देतो.

परतीचे आणखी एक फळ पुस्तकात दिसते, ज्याचा प्रयोगशाळेशी संबंध नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. कथेला पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्येच राहिलेल्या नारळीकरांनी मराठीत कथा लिहिल्या असत्या का, हे सांगता येत नाही. पण टोपणनाव घेऊन आपल्या भाषेत नवखा होण्याची गरज त्यांना येथे आल्यावर वाटली, एवढे खरे. परदेशी जाण्याने एखाद्या भाषेचे काय नुकसान होते, याचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत येत नाही.

कल्याणच्या तबकड्या

याच जिल्ह्यातील एका परतीची कथा आपल्या वाङ्मयात जवळजवळ अनुपस्थित आहे. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी (गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू व टी. कृष्णन) भारतात परतून रेडिओ खगोलशास्त्राचा एकत्रित गट उभारण्याचा प्रस्ताव पाठविला. होमी भाभांनी तो तारेने स्वीकारला. स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफर्ड सोडून आले. त्यांची भारतातील पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ मध्ये उभी राहिली ती कल्याणला. ऑस्ट्रेलियाच्या संशोधन संस्थेने तिकडे निकामी ठरलेल्या ३२ लहान तबकड्या देणगी म्हणून दिल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास सुमारे सहा फूट. सूर्याकडे कान लावून बसलेल्या या जुन्या तबकड्यांपासून पुढे १९७० ची उटीची दुर्बीण आणि त्यानंतर जुन्नर तालुक्यातील खोडदची, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण घडली.

या कथेत समीक्षकाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, येथे परत येण्याचा निर्णय एकट्या माणसाच्या अंतःकरणात झालेला नसून तो पत्रव्यवहारात, अटींसह, सामूहिक रीतीने झाला. चौघांनी ‘आम्ही येतो’ एवढेच लिहिले नाही. काय उभारायचे तेही लिहिले. दुसरी गोष्ट आपल्या सोयीची नाही. चौघांचे मिळून परतणे संकल्पाप्रमाणे पूर्ण झाले नाही. कुंडू काही वर्षे काम करून अमेरिकेस परत गेले. त्यांना आपण ‘गेलेले’ म्हणावे की ‘आलेले’? आपल्या रूढ शब्दांत या मधल्या माणसांसाठी जागा नाही. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकारही त्यांना अनुकूल नाही, कारण त्याला शेवटी एखादे नगर लागते.

व्हिसा कशाचा?

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही पुस्तिका आंबेडकरांनी १९३० च्या दशकात लिहिली व १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती प्रसिद्ध केली. शीर्षक परदेशप्रवासाचे आहे, पण आतील सर्व प्रसंग भारतात घडतात. गोरेगावच्या बालपणीच्या प्रवासापासून दौलताबादच्या हौदापर्यंत जेथे जेथे प्रवेश नाकारला गेला, त्या जागा भारतातल्याच आहेत. संशोधकाच्या परदेशगमनाची चर्चा करताना या शीर्षकाचा उपरोध विसरता कामा नये.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर परतीची हमी कागदावर पक्की होती. १९१७ मध्ये ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. पदवी होती, पद होते, वेतन होते. राहावयास खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि थोड्याच दिवसांत बडोदे सोडावे लागले. युरोप व अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते या प्रकरणात सांगतात. स्टेशनावर उतरताच ‘कोठे जावे’ हा प्रश्न ती जाणीव परत आणतो.

या काही पृष्ठांमुळे पगार-प्रयोगशाळा-प्रतिष्ठा ही तिहेरी कारणमीमांसा अपुरी ठरते. येथे राज्यकर्ता उदार होता, पैसा खर्च झाला होता, नोकरी राखून ठेवली होती, आणि विद्वान परतही आला होता. तरी परतणे अयशस्वी झाले. ज्याला गावात घर मिळत नाही त्याला ‘घरी ये’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न पुस्तिका विचारीत नाही, पण वाचकाला तो टाळता येत नाही.

ओझर, वडाळा, इंडियाना

‘आमचा बाप आन् आम्ही’ या पुस्तकाची रचना या संदर्भात लक्षणीय आहे. त्यात आधी वडिलांचे, दामोदर जाधव यांचे, त्यांच्याच बोलीतील निवेदन येते आणि मग मुलांच्या आठवणी. शीर्षकातील ‘आन्’ हे अव्यय दोन भाषांना जोडणारा सांधा आहे. १९८६ साली अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएच.डी. झालेला आणि रिझर्व्ह बँकेच्या सेवेत परतलेला मुलगा या पुस्तकाचा नायक नाही. सर्वांत दूरचा प्रवास बापाचाच आहे : नाशिकजवळच्या ओझरहून, महारकीच्या कामातील अपमान सोसण्यास नकार देऊन, मुंबईस. पोर्ट ट्रस्टची नोकरी आणि वडाळ्याची वस्ती हा त्या प्रवासाचा मुक्काम. ओझर ते वडाळा हे अंतर मुंबई ते इंडियाना या अंतरापेक्षा अधिक होते, असे हे पुस्तक आपल्याला पटवून देते. आणि ते तर्काने नव्हे, केवळ पृष्ठांच्या वाटणीने.

नारळीकरांचे पुस्तक या पुस्तकाशेजारी ठेवले, की दोन्हींचे गुणदोष उजळतात. जाधवांच्या पुस्तकात उत्तरार्धात यशकथेचा सूर अधूनमधून चढतो. नारळीकरांकडे तो दोष नाही. पण त्यांच्याकडे ‘बाप’ आधीच रँग्लर असल्यामुळे पहिल्या पिढीचा प्रवास पुस्तक सुरू होण्यापूर्वीच पार पडलेला आहे. जेथे दोन्ही पुस्तके जुळतात ते स्थळ म्हणजे परतल्यावर बसावयास मिळालेली खुर्ची. एकाला टाटा संस्था, दुसऱ्याला रिझर्व्ह बँक. दोघेही परतले ते आधी अस्तित्वात असलेल्या व काम करू देणाऱ्या संस्थेत. बडोद्यात १९१७ साली खुर्ची होती, पण तिच्याभोवतीचे गाव नव्हते.

इथून वाचताना

शहापूर–मुरबाडच्या विद्यार्थ्यांना ही पुस्तके वाचावयास दिली तर काय होईल? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण, आदिवासी भाग म्हणून प्रामुख्याने हेच दोन तालुके उरले. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातले, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावेही त्याच तालुक्यातली. तानसाची योजना पूर्ण झाली ते १८९२ हे वर्ष आणि जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन केला तेही १८९२ हेच वर्ष, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून फार अर्थ काढू नये. पण पाण्याच्या नळाला आणि शिष्यवृत्तीला दोन्हींना मुंबईची दिशा होती, एवढे लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने परदेशगमन ही एका लांब जिन्याची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी आश्रमशाळा, पुढची कल्याण किंवा उल्हासनगरचे महाविद्यालय, त्यापुढची मुंबई. प्रत्येक पायरीवर कोणी तरी मागे राहते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांची शाळा मधल्या महिन्यांत तुटते. यांच्या जाण्यालाही ‘स्थलांतर’ हाच शब्द आहे. एक मूल वीटभट्टीवर आणि एक संशोधक प्रिन्स्टनला, असे दोघे एकाच शब्दात बसतात, ही भाषेची अडचण नसून तिने नकळत सांगितलेले सत्य आहे. दोघांच्याही जाण्यामागे ‘येथे काम नाही’ हे एकच वाक्य आहे. फरक असा की, संशोधकाच्या जाण्याने देशाचे नुकसान झाले असे आपण म्हणतो. मुलाच्या जाण्याने झालेले नुकसान मोजण्याइतके ते मूल शाळेत टिकलेलेच नसते.

धोरणाकडे पाहिले तर संशोधन व विकासावर भारताचा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. महाराष्ट्राने २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती सुरू केली, हे सयाजीरावांच्या परंपरेला साजेसे झाले. केंद्राने मात्र २०२२ मध्ये आपल्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व समाज यांवरील विषय वगळले. भारताचा अभ्यास भारतातच व्हावा, हा त्यामागील युक्तिवाद. हा नियम मागे नेऊन लावला, तर हिंदू प्रसूतिशास्त्रावरचा आनंदीबाईंचा प्रबंध आणि १९१६ साली कोलंबियात वाचलेला आंबेडकरांचा भारतातील जातींवरील निबंध, दोन्ही अपात्र ठरतात. आपल्या समाजाविषयी बोलण्यासाठी त्यापासून दूर एखादी खोली लागते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केल्यावर ‘आता बुद्धिमंत परततील’ असा आनंद व्यक्त झाला. ते परततीलही. पण तिकडचे दार बंद होणे म्हणजे इकडचे उघडणे नव्हे, आणि स्वरूप परतले ते अमेरिकेने हाकलले म्हणून नव्हे.

मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की पलीकडे जुन्नर तालुका लागतो, आणि आळेफाट्यावरून नारायणगावच्या बाजूस वळले की खोडद. महाकाय दुर्बिणीसाठी ही जागा निवडली गेली त्यामागे तेथील रेडिओ-गोंगाटाचे अल्प प्रमाण हे एक कारण होते. कारखाने, प्रक्षेपक आणि मोठी शहरे दूर होती. जी गोष्ट ग्रामीण भागाचे मागासलेपण म्हणून मोजली जाते, तीच येथे शास्त्राची गरज ठरली. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, तेथे विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील हजारो मुले त्या तबकड्या जवळून पाहतात. कल्याणच्या ३२ तबकड्यांचे मात्र ठाणे जिल्ह्यातील एकाही क्रमिक पाठात वा ललित लेखनात स्थान असल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले नाही.